अंगणातील शिकाऱ्यांचा चरित्रकार : एडवर्ड हॅमिल्टन एटकेन

सातारचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाले. त्यानंतर तीन वर्षांनी, १६ ऑगस्ट १८५१ रोजी, त्याच सातारा गावी रेव्हरंड जेम्स एटकेन या स्कॉटिश मिशनऱ्याच्या घरी एक मुलगा जन्मास आला. दत्तक नामंजूर करून संस्थाने गिळण्याचे जे धोरण साताऱ्यास लागू झाले, तेच १८५४ मध्ये झाशीपर्यंत जाऊन पोहोचले आणि पुढे तीन वर्षांनी त्याचा भडका उडाला. त्या मुलाचे बालपण अशा धामधुमीच्या दशकातले. परंतु राजकारण किंवा धर्मप्रसार यांपैकी कशासाठीही त्याचे नाव मागे राहिले नाही. ते राहिले मुंग्या, कोळी, पाली, कावळे, सुरवंट आणि डास यांच्यामुळे. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हे त्याचे पूर्ण नाव. इंग्रजी वाचकांच्या दोन पिढ्या त्यांना केवळ तीन आद्याक्षरांनी ओळखत, आणि ती अक्षरे सलग वाचली की ‘ईहा’ असा शब्द होतो. संस्कृतात ईहा म्हणजे इच्छा, उद्योग, धडपड. हा निव्वळ योगायोग. पण टोपणनाव शोधून काढायचे ठरवले असते तरी याहून चांगले सापडले नसते.

एडवर्ड यांचे शिक्षण प्रथम वडिलांच्याच हाताखाली झाले आणि पुढे मुंबई व पुणे येथे. मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. व एम. ए. या परीक्षांत त्यांनी पहिला क्रमांक मिळवला. १८७० ते १८७६ अशी सहा वर्षे त्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवले. ग्रीक भाषेवरही त्यांचे असे प्रभुत्व होते की ग्रीक बायबल ते शब्दकोशाच्या आधाराशिवाय वाचत. १८८० मध्ये एका कवितेबद्दल त्यांना विद्यापीठाचे होमजी कर्सेटजी पारितोषिकही मिळाले. विलायत त्यांनी पाहिली ती बरीच उशिरा, आणि पूर्वजांच्या एडिंबरोची हवा त्यांना सोसेना. सह्याद्रीच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसास ते साहजिकच होते.

लॅटिनचा हा पंडित एप्रिल १८७६ मध्ये मुंबई सरकारच्या जकात व मीठ खात्यात शिरला. आज हे वाचताना थोडे हसू येते. परंतु त्या काळी मिठावरील कर हे सरकारच्या उत्पन्नाचे मोठे साधन होते. मिठागरांवर देखरेख ठेवणे, चोरट्या वाटांवर पहारे बसवणे, खाडीकाठच्या आणि सीमेवरच्या नाक्यांची तपासणी करणे, अशा कामांसाठी खात्याला भरवशाची माणसे लागत. नेमणुकीची ठिकाणे बहुधा रुक्ष असत. कच्छच्या छोट्या रणाच्या कडेला असलेले खाराघोडा हे त्यांपैकीच एक. मैलोन्‌मैल पांढरी खारवट जमीन, धुळीचे लोट आणि बोलायला माणूस नाही. एटकेन यांनी आपल्या लेखनात या गावाला धूळपूर अशा अर्थाचे नाव दिले आहे. पुढे उरणची मिठागरे, रत्नागिरी, उत्तर कानडा, गोव्याची सरहद्द आणि मुंबई असा त्यांचा प्रवास झाला; म्हणजे जवळजवळ सगळी पश्चिम किनारपट्टी त्यांनी नोकरीच्या निमित्ताने पायांखाली घातली.

अशा एकलकोंड्या ठाण्यांवर नेमलेले इंग्रज अधिकारी फावला वेळ बहुधा बंदुकीच्या सोबतीने घालवीत. वाघ, चित्ता, सांबर, निदान तितर-बटेर तरी. किती जनावरे पडली याच्या नोंदी मोठ्या अभिमानाने ठेवल्या जात आणि शिकारकथांच्या पुस्तकांना मोठा खप असे. एटकेन यांनी शिकारीचा विषय सोडला नाही. फक्त शिकारी बदलले. व्हरांड्यातील दिव्याखाली पाल पतंगावर झडप घालते, कोपऱ्यातील कोळी दबा धरून बसतो, गांधीलमाशी सुरवंट उचलून नेते. यांतली प्रत्येक घटना वाघाच्या शिकारीइतकीच चित्तथरारक आहे आणि तिच्यासाठी मचाण बांधावे लागत नाही, हे त्यांच्या ध्यानी आले. १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या पुस्तकाच्या नावातच या दृष्टीची थट्टेखोर खूण आहे. नुकतेच दुसरे अफगाण युद्ध संपले होते आणि वायव्य सरहद्दीवरील टोळ्यांच्या बातम्यांनी वर्तमानपत्रे भरून गेली होती. एटकेन यांनी आपल्या बंगल्याभोवतीच्या उंदीर, मुंग्या, वाळवी, वटवाघळे, बेडूक, ढेकूण यांना आपल्या सरहद्दीवरील टोळ्या ठरवले आणि त्यांच्या स्वाऱ्या, लुटालुटी व तह यांचा गंभीर चेहऱ्याने वृत्तांत लिहिला.

विनोद बाजूला ठेवला तर त्यामागील पद्धत कडक होती. एका जागी स्थिर बसायचे, एकाच प्राण्याकडे पुन्हा पुन्हा पाहायचे आणि तो काय करतो हे आधी ठरवून न टाकता तो करील ते टिपायचे. या पाहण्यातून काय हाती लागते याचा अंदाज यावा म्हणून त्यांच्या मुलखातील एका छोट्या शिकाऱ्याकडे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. हा शिकारी म्हणजे दरोडेखोर माशी, इंग्रजी नावाने रॉबर फ्लाय. साताऱ्याच्या पठारांसारखी उघडी, उन्हाची, खडकाळ जमीन तिला मानवते. झाशीत इलाइट चौराह्याच्या गजबजाटातून बाहेर पडून बुंदेलखंडाच्या माळाला लागले की तेथेही तशीच जमीन आहे. जगात या माश्यांच्या सात हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत आणि रखरखीत प्रदेशांत त्यांची विशेष चलती असते. तरी हे नाव ऐकलेली माणसे थोडी. डोळ्यांसमोर असूनही न दिसणाऱ्या ज्या प्राण्यांच्या मागे एटकेन आयुष्यभर लागले, त्यांत तिची गणना करायला हरकत नाही.

दिसायला ती सडपातळ. पोट मागे निमुळते होत गेलेले, पाय लांब व काटेरी, दोन टपोऱ्या डोळ्यांच्या मध्ये डोक्यावर खोलगट जागा, आणि तोंडावर राठ केसांचा झुपका, जणू दरोडेखोराच्या मिशाच. या मिशा शोभेच्या नाहीत. धरलेले भक्ष्य जिवाच्या आकांताने तडफडते, डंख मारू पाहते. तेव्हा चेहऱ्याला इजा होऊ नये म्हणून ही ढाल. वाळक्या काटकीचे टोक, कुंपणाची तार किंवा तापलेला दगड अशी चहूकडे नजर जाईल अशी जागा ती धरते आणि बसून राहते. हलते ते फक्त डोके. वरून एखादा किडा उडत गेला की ती त्याच्या रोखाने डोके वळवते. मनात आले तर सुटते, भक्ष्याला उडता उडता हवेतच पायांच्या काटेरी पिंजऱ्यात पकडते आणि बहुधा पुन्हा त्याच काटकीवर येऊन बसते. मग आपली आखूड, मजबूत सोंड ती त्याच्या अंगात खुपसते. सोंडेतून आत जाणाऱ्या लाळेत दोन प्रकारचे पदार्थ असतात. एकाने भक्ष्य लुळे पडते, दुसऱ्याने त्याच्या आतील मांस विरघळते. थोड्या वेळाने रस शोषून घेतला जातो आणि रिकामे टरफल खाली पडते. मधमाशी, गांधीलमाशी, टोळ, कधी चतुर, आणि प्रसंगी स्वतःच्याच जातीची दुसरी माशी, काहीही तिला वर्ज्य नाही. तिची अळी मात्र जमिनीत दडून असते आणि तेथे इतर किड्यांच्या अळ्यांवर गुजराण करते. म्हणजे हा धंदा जन्मापासूनचाच.

या झेपेमागील गणित उलगडायला एकविसावे शतक उजाडावे लागले. अमेरिकेत होल्कोसेफाला नावाची एक दरोडेखोर माशी आहे, अंगाने तांदळाच्या दाण्याएवढी. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी मासेमारीच्या दोऱ्यात बारीक मणी ओवून ते तिच्या डोक्यावरून ओढले आणि अतिवेगवान कॅमेऱ्यांनी तिच्या झेपा टिपल्या. २०१७ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ही माशी भक्ष्याचा पाठलाग करीतच नाही. जुन्या खलाशांना एक नियम ठाऊक असतो : दुसरे गलबत आपल्याला सतत एकाच दिशेस दिसत राहिले आणि अंतर मात्र घटत गेले, तर टक्कर ठरलेली. खलाशी त्या नियमाने टक्कर टाळतो. माशी त्याच नियमाने ती घडवून आणते. भक्ष्य आपल्याला ज्या दिशेस दिसते ती दिशा बदलू द्यायची नाही, अशा बेताने ती उडते आणि त्यामुळे भक्ष्य जेथे पोहोचणार तेथे जाऊन थडकते. सुमारे तीस सेंटिमीटर अंतर उरले की ती एकाएकी वेग आवरते, वळण घेते आणि आपली गती भक्ष्याच्या गतीशी जुळवून घेते. धावत्या गाडीत चढणारा माणूस क्षणभर गाडीबरोबर धावतो, तसेच हे. तिच्या डोळ्याचा समोरचा भाग इतर भागांपेक्षा मोठ्या भिंगांचा बनलेला असतो, म्हणूनच एवढ्याशा देहाला अर्ध्या मीटरवरचा ठिपका भक्ष्य म्हणून ओळखता येतो. हा सारा प्रकार अर्ध्या सेकंदाच्या आत आटोपतो. साध्या डोळ्यांना दिसते ते इतकेच, की माशी उठली आणि माशी बसली.

एटकेन यांच्याजवळ वेगवान कॅमेरे नव्हते. त्यांच्याजवळ चिकाटी होती, आणि आपल्यासारखी आणखी माणसे गाठण्याची हौस होती. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ जण एकत्र जमले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. या आठांत दोन नावे मराठी वाचकास विशेष जवळची आहेत. एक डॉ. आत्माराम पांडुरंग, प्रार्थना समाजाचे संस्थापक, दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, वनस्पतींचे जाणकार आणि डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. संस्थेचे पहिले मानद चिटणीस एटकेन झाले. संस्थेजवळ आरंभी स्वतःची जागाही नव्हती. पुढे फिप्सन नावाच्या व्यापाऱ्याने आपल्या दुकानातील एक खोली दिली आणि नमुन्यांच्या पेट्या तेथे गेल्या. जानेवारी १८८६ मध्ये संस्थेचे नियतकालिक सुरू झाले, ते स्टर्नडेल आणि एटकेन यांच्या संपादनाखाली. हे नियतकालिक आजही निघते. एटकेन यांचा विवाहही १८८३ सालचाच; पुढे त्यांना दोन मुलगे व तीन मुली झाल्या.

कामाच्या दृष्टीने त्यांची सर्वांत फलदायी वर्षे कारवारच्या परिसरातली. उत्तर कानड्याच्या जंगलात त्यांना दोन जोडीदार मिळाले, मुलकी अधिकारी डेव्हिडसन आणि वनखात्यातील बेल. फुलपाखरे जाळ्यात पकडून टाचण्या मारून ठेवणारे हौशी लोक तेव्हाही पुष्कळ होते. या तिघांनी त्याच्या आधीचा भाग हाती घेतला. कोणते फुलपाखरू कोणत्या झाडावर अंडी घालते, सुरवंट कसा दिसतो, किती वेळा कात टाकतो, कोष कोठे बांधतो, हे त्यांनी पेट्यांत सुरवंट पाळून जातीजातीने नोंदले. रोज ताजा पाला आणायचा, घाण काढायची, तारखा टिपायच्या. हे काम दाईचे म्हणावे इतके कष्टाचे. सुरवंट पाळणाऱ्याला एक धक्का नेहमी बसतो : कोषातून फुलपाखरू निघण्याची वाट पाहावी आणि बाहेर पडावी एखादी माशी किंवा गांधीलमाशी. तिची अळी सुरवंटाला आतून खात वाढलेली असते. आपल्याकडे संतवाङ्मयात भृंग आणि कीटकाचा जो दृष्टान्त पुनःपुन्हा येतो, कीटक ध्यासाने भृंगच होतो असे जे सांगितले जाते, त्याच्या मुळाशी असेच एखादे निरीक्षण असले पाहिजे. किडा कोंडला गेला आणि त्या जागेतून भृंग बाहेर आला, हे पाहणाऱ्याने अचूक पाहिले होते. मधला भाग त्याच्या नजरेआड राहिला. डेव्हिडसन व एटकेन यांनी मुंबई इलाख्यातील फुलपाखरांच्या अळ्या व कोष यांवर लिहिलेला लेख १८९० मध्ये नियतकालिकात आला आणि पुढील कित्येक वर्षे अभ्यासकांना त्याचा आधार वाटत राहिला.

किनाऱ्यावरच्या आंब्यांवर आणि काजूंवर पानांची घरटी बांधणाऱ्या तांबड्या मुंग्यांकडेही एटकेन यांचे बारीक लक्ष होते. कोकणात झाडावर चढलेल्या प्रत्येक मुलाला या मुंग्यांचा चावा माहीत असतो. त्या दोन पाने एकमेकींजवळ आणण्यासाठी एकमेकींची कंबर धरून साखळ्या करतात, आणि पाने टेकली की दुसऱ्या मुंग्या आपल्याच अळ्या तोंडात धरून त्यांच्या तोंडातील रेशमाने ती शिवतात. विणकराच्या हातातील धोट्यासारखी अळी इकडून तिकडे फिरते. शिकारीत या मुंग्यांची रीत दरोडेखोर माशीच्या अगदी उलट. माशी एकटी, क्षणाची आणि नेमाची. मुंग्या मात्र भक्ष्याचा एकेक पाय धरून त्याला चहूबाजूंनी ताणतात आणि त्याला हलणेच अशक्य करून सोडतात. एटकेन यांनी या घरट्यांवर नियतकालिकात टिपण लिहिले आणि आपल्या पुस्तकातही त्यांना जागा दिली. ‘अ नॅचरलिस्ट ऑन द प्राउल’ हे १८९४ मधील पुस्तक याच प्रदेशातील भटकंतीतून उभे राहिले असून त्यांच्या सर्व पुस्तकांत तेच सरस ठरावे. त्यात थट्टा कमी आहे आणि पाहणे अधिक.

त्यांच्या लोकप्रियतेचा मोठा वाटा मात्र १८८९ मधील ‘बिहाइंड द बंगलो’ या पुस्तकाचा. त्यात बंगल्यावरील चाकरमंडळींची, बटलर, धोबी, माळी, आया यांची व्यक्तिचित्रे आहेत. शैली खुसखुशीत आहे हे मान्य करूनही आजचा वाचक येथे अडखळतो. मुंगीच्या प्रत्येक हालचालीमागे कारण असेल असे धरून चालणारा हा लेखक माळ्याच्या किंवा धोब्याच्या वागण्याकडे पाहताना तेवढे थांबत नाही. साहेबाच्या खुर्चीवरून जे दिसते तेच तो रंगवतो. अधूनमधून माया डोकावते, पण ती वरून खाली येणारी. त्यांच्या काळाचा हा दोष होता असे म्हणता येते. तरी त्यांच्याच इतर लेखनाशी तुलना केली की तो अधिक डोळ्यांत भरतो.

ज्यांच्याकडे त्यांनी अशा थट्टेने पाहिले, त्यांच्याच वर्गातील माणसांसाठी त्यांना पुढे एक गंभीर कामगिरी करावी लागली. गोव्याच्या सरहद्दीवर जकातीचे नाके होते. सह्याद्रीच्या दाट रानात, ओढ्यांच्या काठी, दहा-पाच शिपाई दिवसरात्र पहाऱ्यावर. हे शिपाई हिवतापाने सतत आजारी पडत; नेमणूक झाली की ताप आलाच, अशी अवस्था. हिवताप दमट हवेने होतो हा समज शतकानुशतकांचा. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात मलेरियाचा परोपजीवी पाहिला आणि तो समज मोडला. रॉस यांना १९०२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी मुंबई सरकारने एटकेन यांना विशेष कामगिरीवर गोव्याच्या सरहद्दीवर पाठवले. प्रत्येक नाक्यावर मलेरियाचे मान किती आहे हे पाहायचे आणि शिपायांची वस्ती अ‍ॅनॉफिलिस डासांपासून दूर कशी नेता येईल याचा उपाय सुचवायचा, असे काम होते.

इतकी वर्षे छंद म्हणून जी नजर घडवली होती ती येथे उपयोगी पडली. डासही माशीच्याच गणातला, दोन पंखांचा, टोचणाऱ्या सोंडेचा. दरोडेखोर माशीची सोंड किड्यांच्या अंगात शिरते, डासाच्या मादीची माणसाच्या. एक आपले भक्ष्य जागच्या जागी संपवते. दुसरी थेंबभर रक्त घेऊन निघून जाते आणि जाताना मरण मागे ठेवू शकते. तिला अडवायचे तर ती कोणत्या पाण्यात अंडी घालते, कोठवर उडते, दिवसा कोठे दडते, हे ठाऊक असावे लागते. म्हणजे सुरवंटाच्या पेटीपुढे बसून जे प्रश्न विचारले जात तेच येथेही विचारावे लागतात. फक्त आता उत्तरांवर पहाऱ्यावरच्या शिपायांचे जगणे अवलंबून होते. एटकेन नाक्यानाक्यांवर फिरले, ओढे आणि डबकी धुंडाळली, अळ्या गोळा केल्या. या शोधात त्यांना अ‍ॅनॉफिलिसची एक तोवर अज्ञात असलेली जात सापडली. मुंबईतील डॉ. लिस्टन यांनी ती नवी असल्याचे ओळखले आणि १९०३ मध्ये तिला अ‍ॅनॉफिलिस एटकेनी हे नाव मिळाले.

त्याच वर्षी मे महिन्यात ते कराचीस जकात व मीठ खात्याचे मुख्य कलेक्टर म्हणून गेले. नोव्हेंबर १९०५ मध्ये त्यांच्याकडे सिंध प्रांताच्या गॅझेटियरचे काम आले आणि १९०७ मध्ये तो जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध झाला. ऑगस्ट १९०६ मध्ये, तीस वर्षांच्या नोकरीनंतर, ते निवृत्त झाले आणि ज्या एडिंबरोचे हवामान त्यांना कधी रुचले नव्हते तेथेच जाऊन राहिले. ११ एप्रिल १९०९ रोजी तेथे त्यांचे निधन झाले; वय सत्तावन्न होते. विखुरलेले लेख एकत्र करून १९१४ मध्ये त्यांचे शेवटचे पुस्तक निघाले.

त्यांच्या नावाचा डास दाट सावलीतल्या रानओढ्यांत वाढतो. माणसांत मलेरिया पसरवणाऱ्या डासांत त्याची गणना होत नाही, असे पुढील अभ्यासातून ठरले.